शेंडा खुडावा, पान राखावे

मुठेच्या डाव्या तीरावर, खडकवासल्याच्या धरणाच्या खालच्या अंगाला वसलेले मौजे वारजे १९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत दाखल झाले, आणि त्यानंतरच्या काळात तेथील सातबाऱ्यांवरच्या बागाईत-जिराइताच्या नोंदी एकामागून एक बिनशेतीत रुजू होत गेल्या. १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचे काम पुरे होऊन मुठेचे कालवे वाहू लागले, तेव्हा पुण्याच्या पंचक्रोशीत मोटस्थळ बागाइताच्या जोडीला पाटस्थळ बागाइताची भर पडली. त्यांतल्या डाव्या कालव्याची आठवण या बाजूला आता कॅनॉल रोड या नावापुरती उरली आहे. तथापि जमिनीचा आकार बदलला म्हणून तिच्यावर राहणाऱ्यांची भाजी पिकविण्याची हौस सरते असे नाही. महामार्गाच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या इमारतींच्या गच्च्या, माळवाडीकडच्या जुन्या घरांची परसे आणि सोसायट्यांच्या कुंपणालगतच्या चिंचोळ्या पट्ट्या फाल्गुन-चैत्रात नीट न्याहाळल्या, तर निळ्या पिंपांतून, रंगाच्या रिकाम्या डब्यांतून आणि विटांच्या वाफ्यांतून दुधी, दोडके, कारली, काकडी, भेंडी, गवार, वांगी, मिरच्या आणि टोमॅटो यांचा विखुरलेला, पण खराखुरा मळा तेथे अजून नांदत असल्याचे दिसून येते.

जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ज्यांनी बी टोचले, त्यांच्या हाती गुढीपाडव्याच्या मागेपुढे काकडी आणि भेंडी लागते, आणि दुधी-दोडक्याचा पहिला तोडा त्यानंतर पंधरवड्याने येतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची वाटली डाळ आणि पन्हे यांच्या शेजारी काकडीच्या फोडी येऊन बसल्या त्या काही केवळ थंडाव्यासाठी नव्हेत. त्या दिवसांत मळ्यात ताजे असे जे पहिले फळ हाताशी येते ते काकडीचेच असते. आणि काकडीचे नाव निघाले म्हणून एका गोष्टीचा उल्लेख येथे केल्यावाचून पुढे जाणे मला उचित वाटत नाही. पांढरट-हिरव्या सालीची, अंगाने आखूड, लवकर धरणारी आणि निबर होता होता तांबूस-तपकिरी पडणारी ‘पूना खिरा’ ही जात आपल्या शहराचे नाव घेऊन साऱ्या जगात गेली आहे; अमेरिकेतल्या बियाणे विक्रेत्यांच्या सूचिपत्रांत ती याच नावाने आजही आढळते, आणि उष्मा सोसणारी, कडू न पडणारी काकडी म्हणून तेथले बागकामाचे शौकीन ती आवडीने लावतात. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हिमांगी, फुले शुभांगी अशा जाती दिल्या आणि त्या उत्तमच आहेत. परंतु जी काकडी दूरदेशीच्या परसात पुण्याच्या नावाने पिकते ती खुद्द पुण्याच्या गच्चीवर अभावानेच दिसावी, ही मला चुकल्यासारखी गोष्ट वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. घरची भाजी लावणाऱ्या प्रत्येकाच्या मनात फाल्गुन सरता सरता एकच प्रश्न येतो, की झाड तर डोक्याएवढे वाढले, मग फळ केव्हा? आणि छाटणी केली तर ते लवकर पिकेल काय? या प्रश्नाची जी उत्तरे सर्रास ऐकू येतात, त्यांतली पुष्कळशी इंग्लंड-हॉलंडसारख्या थंड मुलखातल्या बागकामाच्या पुस्तकांतून आलेली आहेत. त्या मुलखात टोमॅटोचा मोसम तोकडा; शरद ऋतूतला गारठा येण्यापूर्वी झाडावरची फळे लाल झाली तर झाली, नाहीतर ती हिरवीच राहून वाया जायची. म्हणून तेथला माळी झाडाचा एकच दांडा ठेवतो, चार-पाच घोस धरले की ऑगस्टात शेंडा मोडतो, आणि कोवळे, मंद ऊन फळापर्यंत पोचावे म्हणून खालची पाने काढून टाकतो. त्या हवेला ते सर्वस्वी योग्य आहे. परंतु तीच तजवीज वारज्याच्या गच्चीवर, एप्रिलात पारा ३८ अंशांच्या आसपास गेलेला असताना आणि कठड्याच्या भिंती संध्याकाळपर्यंत तापलेल्या असताना अमलात आणली, तर पिकणे राहिले बाजूला, फळे उन्हाने भाजून निघतात. आपल्याकडेही मोसम तोकडाच आहे, हे खरे; मात्र त्याची मुदत गारठ्याने संपत नाही, ती उष्म्याने संपते. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे कात्री कोठे चालवावी आणि कोठे म्यान करावी, हे आपोआप उलगडत जाते.

झाडाचा शेंडा खुडल्याने काय घडते ते प्रथम पाहू. वाढत्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे संजीवक तयार होऊन ते दांड्यातून खाली उतरत राहते, आणि जोवर ते उतरते आहे तोवर प्रत्येक पानाच्या बगलेत निजलेला डोळा फुटत नाही, किंवा फुटला तरी जोर धरत नाही. १९३३-३४ साली केनेथ थिमन आणि फोल्क स्कूग या दोघा शास्त्रज्ञांनी घेवड्याच्या कुळातल्या बाकल्याच्या रोपांवर हे पडताळून पाहिले: शेंडा कापला की बगलेतले डोळे फुटत, आणि कापलेल्या जागी ऑक्झिन लावले की ते पुन्हा दबून राहत. आपल्या मळेकऱ्यांना हे संजीवक ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण शेंडा मोडला की बगलफूट सुटते आणि बगलफुटीवर फळ धरते, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते.

दुधीच्या वेलावर ही गोष्ट डोळ्यांनी पाहता येते. वेल मांडवाकडे चढत असताना त्याच्या मुख्य दांड्यावर जी पांढरी फुले येतात ती बहुतेक सारी नर; लांब, सडपातळ देठाच्या टोकाशी नुसते फूल असते, आणि एक रात्र उमलून ते गळून पडते. मादीफुलाचा देठ आखूड, आणि फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा, पांढऱ्या मऊ लवेने मढलेला दुधी कळी उमलण्यापूर्वीच तयार असतो. त्यामुळे ओळखण्यात चूक होण्याचा संभव नाही. ही मादीफुले प्रामुख्याने बगलेतून निघालेल्या फांद्यांवर येतात. म्हणून आपल्याकडे मांडवावरच्या वेलवर्गीय भाज्यांची जी रूढ रीत आहे ती अशी, की वेल मांडवाला पोचेपर्यंत खालच्या साऱ्या बगलफुटी नखाने काढून टाकायच्या, म्हणजे अन्न एकाच दांड्यात जाऊन तो लवकर वर जातो. आणि वेलाने मांडवाची तार धरली की त्याचा शेंडा खुडायचा, म्हणजे वरच्या पेऱ्यांतून दोन-चार जोमदार फांद्या सुटतात आणि त्यांवर मादीकळ्या लवकर दिसू लागतात. दोडका आणि कारले यांनाही हीच रीत लागू आहे. खरबुजाला तर ती विशेषच लागू, कारण त्याचे फळ मुख्य वेलाच्या वाटेला सहसा जातच नाही. काकडीच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. तिच्या पुष्कळ जाती मुख्य दांड्यावरच फळ धरतात.

अलीकडे ‘थ्री-जी कटिंग’ या नावाने ही रीत फार बोलबाला पावली आहे. पहिला शेंडा खुडावा, त्यातून फुटलेल्या फांद्यांचेही शेंडे खुडावेत, आणि तिसऱ्या पिढीच्या फांद्यांवर मादीफुलांची रेलचेल पाहावी, असा तिचा मथितार्थ. त्यात तथ्य आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या आणि पुढे चार महिने मांडव व्यापणाऱ्या वेलाला ती जरूर करावी. परंतु प्रत्येक खुडणीनंतर वेल काही दिवस थबकतो, आणि उन्हाळी वेलाजवळ तेवढ्या दिवसांची सवड नसते. उन्हाळ्यात एकच खुडणी, तीही मार्चच्या मध्यापर्यंत आटोपलेली, एवढी मर्यादा पाळणाऱ्याला पहिला दुधी लवकर मिळतो, असे माझे ठाम मत आहे.

‘वेलाला फुले ढिगाने येतात, पण दुधी धरत नाही,’ ही तक्रार चैत्र-वैशाखात घरोघर ऐकू येते. तिची कारणे तीन. पहिले असे, की भोपळ्याच्या कुळातल्या वेलांचा कल थंड हवेत आणि लहान दिवसांत मादीफुलांकडे, तर उष्म्यात आणि मोठ्या दिवसांत नरफुलांकडे असतो. म्हणून मार्चात उशिरा लावलेला वेल एप्रिलच्या धगीत सापडून नुसती नरफुले देत बसतो. येथे कात्रीपेक्षा पंचांग अधिक कामाचे, हे मान्य केले पाहिजे. दुसरे कारण खताचे: शेणखत वा नत्र वाजवीपेक्षा अधिक पडले की वेल पाल्याने माजतो. तिसरे कारण शहरी आहे. दुधीचे फूल दिवेलागणीला उमलते आणि रात्री हिंडणारे पतंग त्याचे परागीकरण करतात. दोडक्याचे पिवळे फूलही दिवस कलल्यावर उघडते, तर घोसाळे, कारले आणि काकडी यांची फुले सकाळची. पाचव्या-सहाव्या मजल्यावर, दिव्यांच्या झगमगाटात, हे पतंग येतील याची हमी कोणी द्यावी? अशा वेळी सायंकाळी एक ताजे नरफूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, त्यातले पिवळे पराग मादीफुलाच्या मधल्या भागावर हलक्या हाताने टेकवावेत. परागीकरण साधले तर दोन-तीन दिवसांत तो लवदार दुधी मान खाली घालून फुगू लागतो. न साधले तर पिवळा पडून गळतो. तेथून कोवळे फळ तोडणीला यायला दहा-पंधरा दिवस पुरतात.

टोमॅटोचे प्रकरण याहून नाजूक आहे. त्याच्या दोन जाती मानाव्यात: एक उंच वाढत जाणारी, जिला काठीचा वा सुतळीचा आधार लागतो, आणि दुसरी झुडूपवजा, जिचा प्रत्येक फुटवा फुलांच्या घोसात संपून वाढ आपण होऊन थांबते. रोपवाटिकेतून रोप आणताना ते कोणत्या जातीचे आहे हे विचारून घ्यावे. कारण झुडूपवजा जातीच्या बगलफुटी काढणे म्हणजे तिची फळेच काढणे होय. उंच जातीच्या मात्र पहिल्या घोसाखालच्या सर्व बगलफुटी, त्या बोटाएवढ्या होण्याच्या आत, सकाळच्या वेळी चिमटीने मोडाव्यात आणि दोन दांडे ठेवावेत. त्यामुळे झाडाचे अन्न फाटे न फुटता पहिल्या घोसांकडे वळते आणि पहिली फळे लवकर तयार होतात. एकूण उत्पन्न थोडे घटते खरे, पण आपल्या उन्हाळ्यात ते घटणारच असते. फूल धरल्यापासून फळ लाल व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे टिकून राहिले की पराग निकामी होऊन फुले गळतात. म्हणजे एप्रिलच्या मध्यानंतर उमललेल्या फुलांवर भिस्त ठेवण्यात फारसा अर्थ नाही. त्या सुमारास शेवटच्या धरलेल्या घोसाच्या वर दोन पाने राखून शेंडा खुडून टाकावा, आणि झाडाला आहे ते पुरे करू द्यावे.

दोन पाने राखून, असे मी मुद्दाम म्हटले. पान ही फळाची छत्री आहे, आणि एप्रिलच्या पुण्यात ती मिटणे हा त्या फळावर अन्याय आहे. पश्चिमेकडचे ऊन थेट ज्या टोमॅटोवर पडते त्याच्या त्या बाजूला प्रथम फिकट पांढरा, मग कागदासारखा सुरकुतलेला डाग पडतो, आणि पुढे तेथून फळ सडते. जमिनीला टेकलेली, पिवळी पडलेली किंवा करप्याचे ठिपके पडलेली पाने तेवढी काढावीत. बाकीच्या पानांना हात लावू नये. ऊन लागल्याने टोमॅटो लाल होतो, ही समजूतही सोडून द्यावी. त्याला लाल रंग देणारे लायकोपीन हे द्रव्य तापमान ३०-३२ अंशांच्या वर गेले की नीट तयार होत नाही, पिवळे-नारिंगी द्रव्य मात्र होत राहते. म्हणूनच मे महिन्यातले झाडपिके टोमॅटो अंगाने पिकूनही रंगाने केशरी राहतात. याला उपाय असा, की फळाच्या तळाशी गुलाबी छटा दिसताक्षणी ते देठासकट तोडून घरातल्या सावलीच्या, गार कोपऱ्यात ठेवावे. त्या अवस्थेला पोचलेले फळ स्वतःच इथिलीन वायू सोडून पिकत जाते, आणि आपल्याकडे कैऱ्यांची आढी घालतात त्याप्रमाणे कागदात किंवा टोपलीत एकत्र ठेवले, सोबत एखादे पिकले केळे ठेवले, तर ते आणखी लवकर पिकते.

छाटणीने झाडाकडून वेळेवर फळ घेण्याची विद्या पाहायची तर भाजीच्या वाफ्यातून उठून क्षणभर द्राक्षाच्या बागेत जावे लागेल. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात झोपी जाते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. महाराष्ट्रात तिला अशी झोप मिळत नाही, म्हणून नाशिक-सांगलीचा बागाईतदार तिची वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलमधली खरड छाटणी फळासाठी नसते. त्या छाटणीनंतर उन्हाळ्याच्या प्रखर उजेडात ज्या नव्या काड्या वाढतात त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची सूक्ष्म निर्मिती होते, आणि मग ऑक्टोबरच्या गोडी छाटणीने तेच डोळे फुटून फेब्रुवारी-मार्चात द्राक्षे तयार होतात. सटाणा-बागलाणाकडचे शेतकरी पावसाची जोखीम पत्करून ही छाटणी आगाप, पावसाळा सरण्यापूर्वीच घेतात आणि डिसेंबरात बाजार गाठतात. परंतु कात्रीवर एवढी हुकमत असलेला हाच बागाईतदार एका घडाच्या पोषणासाठी बारा-पंधरा पाने मोजून राखतो, ही गोष्ट गच्चीवरच्या माळ्याने विसरू नये. ‘प्रयोग परिवारा’चे प्रवर्तक, गणिताचे अध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशोब मांडायला शेतकऱ्यांना शिकविले, आणि सामान्य माणसाला आपल्या अंगणात शास्त्र करता येते हा विश्वास दिला, त्यांचे ऋण घरच्या बागेत राबणाऱ्या प्रत्येकावर आहे.

ज्याला कात्री धरण्याची भीती वाटते त्याने वेळेवर तोडणी करावी. तिच्याइतकी गुणकारी छाटणी दुसरी नाही. झाडाचा हेतू बी तयार करणे हा, आपला हेतू कोवळे फळ मिळविणे हा. एक जरी फळ वेलावर निबर होऊ दिले तरी झाड आपले कार्य सिद्धीस गेले असे मानून नव्या कळ्या आवरते घेते. भेंडी फूल उमलल्यापासून सहा-सात दिवसांत तोडणीला येते, म्हणून ती एक दिवसाआड तोडावी. टोक वाकवताच कट्कन मोडले तर ती कोवळी, लवले तर जून. दोडका फूल धरल्यापासून आठवडाभरात, शिरा अद्याप मऊ असताना घ्यावा. दुधीच्या देठाजवळ नख सहज रुतले पाहिजे. गवारीची शेंग दाणा भरण्यापूर्वी, आणि वांगे सालीवरची झळाळी असेपर्यंत काढावे. तोडणी पहाटे किंवा सकाळी लवकर करावी, ओढून नव्हे तर देठ कापून. आळूची बाहेरची पाने, पुदिना आणि माठ यांनाही हाच न्याय. जितके खुडावे तितके ते फुटतात.

पाण्याबाबत एकच गोष्ट जपावी. फळ लवकर पिकावे म्हणून वेलाला ताण देण्याचा मोह उन्हाळ्यात आवरावा. ताण देऊन बहार धरण्याची युक्ती डाळिंबाची आणि मोसंबीची. भाजीला ती मानवत नाही. अनियमित पाण्याने टोमॅटोचा तळ काळा पडतो, आणि काकडी-दुधीत कडवटपणा उतरतो. कडू निघालेला दुधी काटकसर म्हणून शिजवू नये आणि त्याचा रस तर मुळीच पिऊ नये; त्यातल्या विषारी द्रव्याने माणसे दगावल्याची उदाहरणे आपल्या देशात घडलेली आहेत. फोड जिभेला लावून पाहावी, कडू लागली तर थुंकावी आणि फळ टाकून द्यावे. मुळाशी पाचट किंवा वाळल्या पाल्याचे चार बोटे आच्छादन घालून वाफसा टिकविला, आणि दुपारी पश्चिमेच्या बाजूने एखादे जुने सुती लुगडे आडवे बांधले, तर निम्मी काळजी मिटते.

अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर आळी करून पावसाळी वेलांच्या बिया टोचण्याची चाल आपल्याकडे आहे, आणि त्या सुमारास उन्हाळी मळा थकत आलेला असतो. त्या वेळी दोन कामे अवश्य करावीत, एवढे माझे वाचकांना आग्रहाचे सांगणे आहे. काकडी, दुधी किंवा दोडका यांची जात सरळ असेल, संकरित नसेल, तर सर्वांत निरोगी वेलावरचे एक फळ या शेवटच्या टप्प्यात पूर्ण निबर होऊ देऊन त्याचे बी राखेत घोळून ठेवावे. आणि वांग्याची झाडे उपटून न टाकता मे महिन्याच्या अखेरीस, पहिले वळीव पडून गेल्यावर, जमिनीपासून वीतभर दांडे ठेवून छाटावीत, रोगट काड्या जाळाव्यात, आळ्यात दोन ओंजळी शेणखत मिसळावे. हा खोडवा जूनच्या पावसात फुटतो आणि ऑगस्टपासून त्याला पुन्हा वांगी लागतात.